गादी घेतली, देणी कुणाची? अंतराळातली साम्राज्यं आणि पेशवाईनंतरचं पुणे

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय कळल्यावर काही ज्येष्ठ मंडळींनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हे अंतराळ कुठून घुसलं? आणि काही तरुण मुलांनी नेमकं उलट विचारलं, की ‘स्टार वॉर्स’च्या गप्पांत पेशवाई कशाला? दोन्ही बाजूंचं समाधान होईल असं काही मी कबूल करत नाही. पण प्रश्न दोघांचाही एकच आहे. एखादं मोठं साम्राज्य पडतं. नवं सरकार येतं. आणि मग पुढची वीस-तीस वर्षं त्या नव्या सरकारच्या तोंडाला फेस येतो. लढाई जिंकणारी माणसं राज्य चालवताना एवढी का दमतात?

अंतराळकथांना हा प्रश्न फार आवडतो. आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. १९४० च्या दशकात मासिकांतून आलेल्या या कथा १९५१ पासून पुस्तकरूपात निघाल्या, आणि त्यांच्या मुळाशी गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास आहे हे असिमॉव्हने स्वतःच सांगून ठेवलंय. त्यात एक बारीक तपशील आहे, तो मला लढायांपेक्षा मोलाचा वाटतो. साम्राज्याच्या कडेच्या ग्रहांवर अणुवीज केंद्रं चालू आहेत. ती चालवणारे लोक वंशपरंपरेने तिथे नेमलेले. यंत्र चालवता येतं, पण बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

‘स्टार वॉर्स’मध्ये १९८३ च्या चित्रपटात बादशहा मरतो, जंगलात ढोल वाजतात, सगळे नाचतात, चित्रपट संपतो. २०१५ मध्ये पुढचा भाग आला, त्यात कथेतली तीसेक वर्षं उलटून गेलेली आहेत, आणि नव्या प्रजासत्ताकाची राजधानी एका फटक्यात नाहीशी होते. मधल्या वर्षांत काय झालं ते ‘मँडलोरियन’ या मालिकेत थोडंथोडं दिसतं. जुन्या फौजेतले बेकार सैनिक कुणाच्यातरी पदरी भाड्याने राबतायत. जुने शास्त्रज्ञ नि अधिकारी माफी मिळवून नव्या राजधानीत कारकुनी करतायत. सरहद्दीवर सरकार म्हणजे कधीमधी फिरकणारी एखादी गस्त. प्रेक्षक चिडून म्हणतात, काय हे सरकार, एवढी मोठी लढाई जिंकून हातात काहीच नाही? पुढचा सिनेमा काढायचा तर नवं सरकार दुबळंच हवं, हेही खरं आहे म्हणा. पण तेवढंच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, मग उदाहरणाकडे वळू. आपण साम्राज्य म्हटलं की गादी बघतो. पण ज्याला तिथला कारभार करायचा असतो त्याला गादी दिसत नाही, त्याला देणी दिसतात. कुणाला पगार, कुणाला इनाम, कुणाला वर्षासन, कुणाला गावाच्या राखणीचा हक्क. जिंकणारा खजिना घेतो, किल्ले घेतो. देणी मात्र दारात येऊन बसतात. ती द्यावीत तर पैसा पुरत नाही, नाकारावीत तर माणसं डोंगरात जातात.

आता उदाहरण. त्यासाठी दुसऱ्या ग्रहावर जायची गरज नाही. बिबवेवाडीतून पर्वती काही लांब नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसरा बाजीराव या पर्वतीवरून बघत होता. त्या वेळी हा आपला भाग म्हणजे शहराबाहेरची वाडी आणि शेतं. १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मग बाजीराव पुढे आणि कंपनीच्या पलटणी मागे असा सहा-सात महिने पाठलाग. १ जानेवारीला कोरेगाव. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमला शरण गेला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहिला आणि १८५१ पर्यंत जगला. म्हणजे साम्राज्याचं पहिलं देणं खुद्द साम्राज्याच्या धन्याचंच निघालं, आणि ते कंपनीला तेहेतीस वर्षं पुरलं.

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो, नाहीतर नंतर तुम्ही मला धराल. कथेतलं नवं सरकार बंडखोरांचं असतं, लोकांचं असतं. १८१८ मध्ये पुण्यात आलेलं सरकार लोकांचं नव्हतं. ते दुसरं, जास्त मोठं आणि परकं साम्राज्य होतं. पण सकाळी कचेरी उघडल्यावर समोर उभा असलेला प्रश्न दोघांचाही तोच असतो, म्हणून ही तुलना मला चालते. शिवाय कंपनीजवळ कवायती फौज होती, समुद्र होता, कर्ज काढायची ताकद होती. एवढं असूनही तिची दमछाक झाली. ज्यांच्याकडे हे काहीच नसतं, त्यांचं काय होत असेल ते बघा.

दख्खनचा कमिशनर म्हणून काम बघायला आला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. माणूस इथलाच मुरलेला, १८११ पासून पुण्याला रेसिडेंट. खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा त्याचा बंगला जाळला गेला, त्यात त्याची पुस्तकं आणि कागद गेले. अशा माणसाच्या मनात राग असायला हवा. पण ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून त्याने जो जाहीरनामा काढला, तो रागाचा नाही. बाजीराव अजून पळतो आहे, युद्ध संपायचं आहे, आणि हा लिहितो आहे की वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांच्या नेमणुका राखल्या जातील, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, मामलती मक्त्याने देणं बंद होईल. जे कुणी बाजीरावाच्या चाकरीत आहेत त्यांनी दोन महिन्यांत परत यावं, नाहीतर जमिनी जप्त.

यातली हुशारी तुमच्या लक्षात आली असेल. त्याने फौजेशी न बोलता फौजेच्या पोटाशी बोलणं केलं. बाजीरावाभोवतीची माणसं गळायला लागली त्याला लढाईतल्या पराभवाइतकाच हा कागदही कारण आहे. पण त्याच कागदाने कंपनीच्या डोक्यावर पेशवाईची सगळी वही येऊन पडली. युद्ध लवकर संपवायचं म्हणून दिलेला शब्द पुढे पन्नास वर्षं मोडत, वाकवत, तपासत बसावं लागलं. आजची उरलेली गोष्ट म्हणजे त्या वहीची गोष्ट आहे.

सगळ्यात आधी फौज. पेशव्यांच्या राज्यात घोडा, शस्त्र आणि चाकरी हा हजारो घरांचा धंदा होता. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येणार, बारगीर पागेतल्या घोड्यावर बसणार, अरब आणि शीख पगारी, गडावर गडकरी, वाटेवर रखवालदार. कंपनीला यांतले थोडेच हवे होते. कवायती पलटणीत सगळे बसत नाहीत. बरं, घरी जा म्हटलं तरी गेल्या कित्येक महिन्यांचा पगार जुन्या धन्याकडून यायचाच होता.

खानदेशातल्या मालेगावात अरबांनी किल्ला लढवला आणि जून १८१८ मध्ये सोडला. तिथली एक गंमत सांगतो. शरण येताना त्यांच्या जमादाराने लेखी कागद मागितला. कागद मराठीत लिहिला गेला, आणि तो अशा भाषेत उतरला की सेनापतीच्या मनात होतं त्यापेक्षा बरंच जास्त कबूल होऊन बसलं. मग वाद सुरू झाला: आपला हेतू धरायचा की कागद? एल्फिन्स्टनने कागदाच्या बाजूने कौल दिला. उदारपणा आहेच, पण हिशोबही आहे. नव्या सरकारचा पहिलाच मराठी कागद खोटा ठरला असता, तर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

फौज मोडली त्याचा एक परिणाम असा झाला जो त्या वेळी कुणाच्या ध्यानात आला नसावा. फौज धान्य खाते. घोडे दाणा-चारा खातात. सरदारांच्या वाड्यांवर शेकडो माणसं जेवतात. हे सगळं एकदम थांबलं, सारा रोख द्यायचा, आणि पैसा दख्खनच्या बाहेर जायला लागला. १८२० नंतर धान्याचे भाव कोसळले. सारा तोच, पण तो भरायला पूर्वी जेवढं धान्य विकावं लागायचं त्याच्या कितीतरी पट विकावं लागायला लागलं. शांतता आली आणि शेतकरी बुडाला, असं ते विचित्र दशक आहे. अंतराळातल्या कुठल्याही कथेत मी हे वाचलेलं नाही. साम्राज्याचं आरमार मोडल्यावर त्या आरमाराला धान्य पुरवणाऱ्या ग्रहाचं काय झालं, हे कोणी दाखवत नाही.

आता रामोशी. इथे जरा थांबू या, कारण हे आपल्या अगदी शेजारचं आहे. कोंढव्यावरून बोपदेव घाट ओलांडला की पुरंदर तालुका. तिथल्या भिवडी गावचा उमाजी नाईक, जन्म १७९१ चा. त्याच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याच्या राखणीचं काम होतं. रामोश्यांचा हा हक्क गावोगाव होता: गावाची राखण करायची, चोरी झाली तर माग काढायचा, माल सापडला नाही तर भरून द्यायचा, आणि बदल्यात धान्य, जमीन, ठरलेला वाटा घ्यायचा. पोलीस, विमा आणि थोडीशी धमकी, असं तिन्ही मिळून ते खातं होतं म्हणा.

पुरंदरच्या रामोश्यांचं आणि सरकारचं बिनसलं ते इंग्रजांच्या आधीच, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. किल्ला त्यांच्या हातून गेला तो पेशव्याने घेतला म्हणून. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळा दोष नव्या सरकारवर टाकणं सोपं असतं. जुनं साम्राज्य पडायच्या आधीच आपली देणी बुडवायला लागलेलं असतं, आणि नव्याला ती व्याजासकट मिळतात. इंग्रज आले तेव्हा त्यांना वाटलं की राखणीला आता आपले शिपाई आहेत, किल्ल्यांची तर गरजच नाही. कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आज आपण ट्रेकला जातो आणि कातळात तुटलेल्या पायऱ्या बघून हळहळतो, त्या या दिवसांतल्या. पण पायऱ्यांबरोबर गडावरच्या माणसांचं पोटही उडालं, हे त्या अहवालांत एका ओळीत येतं.

१८२६ पासून उमाजी उघड उठला. पुढच्या वर्षी त्याने गावांना सांगितलं की सारा इंग्रजांना भरू नका, माझ्याकडे भरा. हे वाक्य नीट ऐका. दरोडेखोर लुटतो. सारा मागतो तो राजा. कंपनीने त्याला पकडायला फौज लावली, जमलं नाही. मग काय केलं, तर माफी देऊन त्याला आणि त्याच्या माणसांना पगारावर घेतलं आणि त्याच डोंगरांची राखण करायला सांगितलं. म्हणजे दहा वर्षं वळसा घालून सरकार पुन्हा जुन्याच व्यवस्थेपाशी आलं. पण ते टिकलं नाही. उमाजीला शिपाई म्हणून राहायचं नव्हतं आणि सरकारला त्याला शिपायापेक्षा जास्त मानायचं नव्हतं. तो पुन्हा उठला. दहा हजारांचं बक्षीस लागलं. डिसेंबर १८३१ मध्ये जवळच्या माणसांकडूनच तो पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात, खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीत, फाशी गेला. त्याला पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने नंतर रामोश्यांवर एक पुस्तकच लिहिलं. आधी फाशी आणि मग अभ्यास, हा क्रम माझ्या मनातून जात नाही.

याच्या उलट खानदेशात. तिथले भिल्लही घाटांच्या राखणीचे जुने हक्कदार, तेही बुडवले गेलेले, आणि नुसत्या फौजेने त्यांच्यापुढे काही चाललं नाही. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. त्यांनाच गणवेश, त्यांनाच पगार, शिवाय जुने हक्क काही प्रमाणात मान्य. हे टिकलं. त्याआधी उत्तरेत कंपनीने अमीरखानाला टोंकचा नबाबच करून टाकलं होतं. ज्याच्याजवळ मोठी फौज त्याला संस्थान, ज्याच्याजवळ छोटी टोळी त्याला पगार किंवा फास. न्यायाने बघितलं तर हे फार वाईट आहे. राज्य चालवणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर प्रत्येक देण्याचा भाव ठरवणं चाललंय.

फौजेनंतर कागद. पेशवे दफ्तर हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. आज ते कौन्सिल हॉलच्या जवळच्या इमारतीत आहे, आणि १९३० नंतर सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. आपण त्याला इतिहासाचं साधन म्हणतो. १८१८ मध्ये ते इतिहासाचं साधन नव्हतं. कोणत्या गावाचा सारा किती, कोणाचं इनाम खरं, कोणत्या देवळाला किती तेल, हे सगळं त्या मोडी रुमालांत होतं, आणि ते वाचणारी माणसं पेशव्यांचीच कारकून मंडळी होती. मी मघाशी असिमॉव्हची अणुकेंद्रं सांगितली ती यासाठी. इथे तर आणखी वाईट. नाना फडणविसांच्या काळापर्यंत दफ्तर नीट राखलेलं. बाजीरावाने मामलती लिलावाने मक्त्याला द्यायला सुरुवात केल्यावर हिशोब ठेवायचं कारणच उरलं नाही. त्यामुळे नव्या सरकारच्या हातात कागद आले ते चांगल्या दिवसांचे, आणि जमीन आली ती वाईट दिवसांची.

मग साहेबांना वाटलं, जुने कागद नकोतच, शास्त्राने नवं करू. पुण्याच्या कलेक्टरीत प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी होता. विलायतेत हेलिबरी कॉलेजात माल्थसकडे शिकलेला, रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पाठ. त्याने १८२० च्या दशकात जमिनी मोजल्या, प्रतवारी लावली, लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. कागदावर अप्रतिम. १८३० मध्ये ते इंदापुरात लागू झालं आणि गावंच्या गावं उठून शेजारच्या मुलखात जायला लागली. मोजणी करणाऱ्या कारकुनांनी पैसे खाल्ले होते, भाव पडलेले होते, आणि मुख्य म्हणजे पूर्वी जो आकडा लिहिलेला असायचा तो वसूल व्हायचाच असं नव्हतं. पाटील मामलेदारापुढे बसायचा, यंदा पाऊस नाही म्हणायचा, घासाघीस व्हायची आणि मधला काहीतरी आकडा ठरायचा. प्रिंगलच्या सुंदर कोष्टकात घासाघीशीला जागा नव्हती. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने सुरुवात केली, दर उतरवले आणि ३० वर्षं बदलणार नाही म्हणून सांगितलं. तिथून पुढे जरा घडी बसली. म्हणजे एका तालुक्याचा सारा नीट लागायला अठरा वर्षं गेली. आणि इंदापूर आकाशगंगेच्या टोकाला नाही, पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर आहे.

इनामांचं प्रकरण याहून कडू. साताऱ्याच्या जाहीरनाम्यात शब्द दिला होता. पंचवीस वर्षांनी नवे अधिकारी आले, त्यांना एल्फिन्स्टनच्या शब्दापेक्षा बुडालेला महसूल दिसायला लागला. १८४३ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात चौकशी सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पक्का आधार मिळाला. ज्याच्याकडे इनाम आहे त्याने सनद दाखवावी. आता शंभर वर्षांत आगी लागलेल्या, पेंढाऱ्यांनी लुटलेलं, भाऊबंदांत वाटण्या झालेल्या. सनद कुठली दाखवणार? आणि पडताळायला कुठले कागद, तर पेशवे दफ्तरातलेच. पेशव्यांनी दिलेली जमीन पेशव्यांच्याच वहीने काढून घेतली.

लोकहितवादींचे वडील बापू गोखल्यांकडे फडणीस होते. आणि स्वतः गोपाळराव देशमुख पुढे याच इनाम कमिशनमध्ये साहाय्यक इनाम कमिशनर झाले. त्यांच्यावर टीका करायला मी हे सांगत नाही. एका घरातल्या दोन पिढ्यांत वही कशी उलटी झाली, तेवढंच बघा. मे १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं. तो मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनच्या कामातला होता. नरगुंदला दत्तकाचं दुःख होतं, पण त्या मुलखात जहागीरदार-इनामदार मंडळी का धुमसत होती याचं उत्तर बरंचसं या चौकशीत आहे. बाबासाहेबांना फाशी झाली, आणि १८६३ मध्ये सरकारने थोडा कर घेऊन इनामं कायम करायची तडजोड केली. चाळीस वर्षांपूर्वी ती केली असती तर? असो.

कागदी देण्यांपैकी एकच सुखाने फिटलं असं म्हणता येईल. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, आणि रक्कम मोठी असायची. एल्फिन्स्टनला ती बंद करायची नव्हती, कारण पुण्यातला सगळ्यात बोलका वर्ग त्यावर अवलंबून, आणि इंग्रजांना मारण्याचा एक कट नुकताच उघडकीला येऊन त्याच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलेलं होतं. त्याने वर्षाला ५० हजार ठेवले आणि त्यातून ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८४९ मध्ये सुधारक तरुणांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथांनाही उत्तेजन द्या. शहरात मोठा गोंधळ झाला, अर्ज देणाऱ्यांच्या रक्षणाला जोतीराव फुल्यांनी आपली माणसं पाठवली असं चरित्रांत येतं. जुन्या दरबाराचं दान, त्याची शाळा झाली, त्याचं मराठी ग्रंथांचं पारितोषिक झालं. देणं तेच, घेणारे बदलत गेले.

न्यायाबद्दल फार बोलत नाही, वेळ कमी आहे. पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात धरणं धरून बसायचा, तगादा लावायचा. त्यालाही उपाशी बसावं लागायचं, गावही बघत असायचं. पंचायती राखायची एल्फिन्स्टनची फार इच्छा होती, पण त्या पंचायतींमागे जो गावाचा दाब होता तो कायद्याने आणता येईना. धरणं गेलं, दिवाणी कोर्ट आलं, आणि सावकाराला घरबसल्या हुकूमनामा मिळायला लागला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्याच जाळल्या. बाकी समजून घ्या.

साताऱ्याचं एक वाक्य. कंपनीने प्रतापसिंहांना गादीवर बसवलं ते जुन्या निष्ठेला एक घर मिळावं म्हणून. महाराजांनी ते घर खरंच चालवायला घेतलं, शाळा काढल्या, रस्ते केले, कराराचा अर्थ आपल्या बाजूने लावला. १८३९ मध्ये त्यांना काढलं, १८४८ मध्ये संस्थानच खालसा. मांडून ठेवलेली गादी खरी वापरणारा माणूस नव्या सरकारला चालत नाही.

वेळ झालेली आहे. दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न, ताई विचारतायत की मग कथेतल्या प्रजासत्ताकाने काय करायला हवं होतं? मला विचाराल तर, फौज कमी करण्याआधी फौजेतल्या माणसांची यादी करायची. कोण कुठे जाणार, त्याच्या मागे किती पोटं, त्याला धान्य कोण विकायचं. बहुतेक लेखक राजधानीतल्या सभागृहात वेळ घालवतात. गोष्ट सरहद्दीवरच्या पगारवाटपाच्या टेबलाशी आहे. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये उठले तेव्हा त्यांच्याबरोबर कोण होतं? रामोशी. आणि फडके स्वतः कुठे नोकरीला होते? पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात. उमाजीच्या फाशीला तेव्हा ४७ वर्षं झालेली होती.

दुसरा प्रश्न, मागून आलाय: मराठ्यांनी स्वतः मोगलांच्या पडत्या साम्राज्याचं काय केलं? फार चांगला प्रश्न आहे, यावर वेगळं व्याख्यान होईल. थोडक्यात, त्यांनी साम्राज्य पाडलंच नाही, पाटी तशीच ठेवली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. वसुली आपली, नाव बादशहाचं. १७९२ मध्ये महादजी शिंदे वकील-इ-मुतलकीची फर्मानं आणि खिलत घेऊन पुण्याला आले तेव्हा इथे दरबार भरला, त्यात बादशहाचं म्हणून एक रिकामं सिंहासन मांडलं, त्यावर फर्मानं ठेवली आणि सवाई माधवरावांनी त्यासमोर नजराणा ठेवला. दिल्लीचा बादशहा त्या वेळी आंधळा होता आणि शिंद्यांच्याच पहाऱ्यात होता. हा खर्च कमी आहे, पण यातही देणी फिटत नाहीत, ती फक्त दुसऱ्याच्या नावावर राहतात.

कंपनीही त्याच वाटेने गेली, बरं का. पुण्यात अंकुशी रुपया चालायचा, त्यावर हत्तीच्या अंकुशाचं चिन्ह आणि मजकूर मोगल बादशहाच्या नावाचा. शनिवारवाड्यावर निशाण बदललं तरी १८१८ नंतर अंकुशी रुपया चालूच राहिला. कंपनीने स्वतःच्या राजाचा चेहरा रुपयावर आणला तो १८३५ मध्ये.